माझ्या तोंडाचे बूच

मी एक जुनी ड्रिल मशीन आहे. सुताराकडची नव्हे, विहिरीच्या तळाला खडक लागला की त्यात भोके पाडणारी. मला वीज लागत नाही की तेलाची टाकी लागत नाही. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरमधून रबरी नळीने हवा येते, माझ्या तोंडातून आत शिरते, आतला दट्ट्या वरखाली आपटतो आणि खाली लावलेली सळई दगडात घुसत जाते. मित्रांनो, हवा हेच माझे अन्न. म्हणून अंगाने मी पोलादी असले, तरी पोटाने फार नाजूक. वरून घण घाला, मी हूं की चूं करणार नाही. पण चिमूटभर कचरा तोंडातून आत गेला की माझे सगळे बळ संपले.

माझा जन्म कलकत्त्याकडचा. प्रांतांची नवी वाटणी झाली, नागपूर तिकडे गेले, जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिले, त्यानंतर दोन वर्षांनी मी लाकडी खोक्यात बसून जबलपूरच्या मालधक्क्यावर उतरले. मला विकत घेतले भय्यासाहेबांनी. त्यांचे पूर्वज मराठेशाहीत इकडे चाकरीला आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दारात हिंदी. विहिरी खोल करून द्यायचा त्यांचा धंदा होता. ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये, आणि आम्हा मशिनींचे गोदाम चेरीताल मोहल्ल्याच्या टोकाला.

गोदाम चांगले होते, शेजार वाईट होता. भिंतीला लागून पांढरा दगड दळायची चक्की होती. दिवसभर तिची पिठासारखी धूळ कौलांतून, फटींतून, किल्लीच्या भोकातूनसुद्धा आत यायची. नवा माणूस आला तर त्याला वाटे, इथे मैदा-साखर ठेवतात की काय! आमचे काम हिवाळ्याच्या तोंडी सुरू होई आणि आषाढ लागला की बंद पडे. पावसाळाभर आम्ही त्या धुळीत पडून असायचो. अशा ठिकाणी मी सोळा वर्षे ठणठणीत राहिले, ती एका माणसामुळे.

त्याचे नाव अंबादास. भंडाऱ्याकडचा, बौद्ध, अंगाने काटकुळा. गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. हंगाम संपला की तो मला पुसायचा, नळी लावून मिनिटभर चालवायचा, म्हणजे आतले पाणी उडून जाई. मग तोंडातून दोन चमचे तेल ओतायचा. मग लाकडाचे बूच. त्याने ते स्वतः बाभळीतून तासले होते. बुचावर तेलात भिजवलेले फडके, फडक्यावर सुतळी, आणि सुतळीला त्याची एक खास गाठ, दोन वेढे आणि एक उलटा पीळ. मग मला जमिनीवर न टाकता फळीवर आडवे निजवायचा.

भय्यासाहेब हसायचे. "अंबादास, मशीन ठेवतोस की बाळंतीण?"

"साहेब, माणूस धूळ खोकून टाकते," अंबादास म्हणायचा. "हिले खोकता येते काय?"

असे कोणी आपल्यासाठी बोलले की बरे वाटते, मित्रांनो. यंत्रालाही वाटते.

मला चालवणारा मोतीराम. तोही विदर्भाकडचाच, अंगाने धिप्पाड, स्वभावाने देवभोळा. माझ्या दोन्ही मुठी धरून तो विहिरीत उभा राहिला की वरून लोक म्हणत, याच्या हातात मशीन आहे की रवी? मोतीराम आणि अंबादास यांचे गूळपीठ होते. एक मला वापरायचा, दुसरा जपायचा. अंबादासने ती गाठ फक्त मोतीरामला शिकवली होती.

दोघांत एकच गोष्ट निराळी होती. दसऱ्याला गोदामात हत्यारांची पूजा असे. सगळ्या मशिनी पुसून मांडायच्या, हळदकुंकू लावायचे, झेंडूच्या माळा घालायच्या. मोतीराम त्यात पुढे. अंबादास मात्र त्या दिवशी जबलपुरात नसायचा. धम्मदीक्षेचा तो दिवस. छोट्या लाइनच्या गाडीने गोंदियामार्गे तो बायकोला, कुसुमबाईला, घेऊन नागपूरला जायचा आणि तिसऱ्या दिवशी चार पुस्तके नि मोतीरामसाठी चिवडा घेऊन परत यायचा. त्यावरून दोघांत कधी शब्द झाला नाही. जाण्याआधी अंबादास एवढेच सांगे, "पूजा करा जी मनसोक्त, पण बुचाले हात लावू नका." आणि मोतीराम बुचाच्या वरूनच मला कुंकू लावायचा.

सोळाव्या वर्षी उन्हाळ्यात एक प्रसंग घडला. विहिरीत काम चालू असताना कड ढासळली. मी भिंतीला तिरकी टेकलेली होते, मोतीराम माझ्याखाली वाकून सळई बदलत होता. मोठा धोंडा आला तो माझ्या पाठीवर अडला. माझी एक मूठ वाकली, मोतीरामला साधे खरचटलेही नाही. मी काही ठरवून केले नव्हते. पण ही गोष्ट मोतीरामची बायको चंपाबाई हिने ऐकली आणि ती दुसऱ्या दिवशी गोदामात येऊन माझ्या पायाशी बसली.

"माय, तू माह्या कुंकवाले राखलं," ती म्हणाली. "या दसऱ्याले तुले माह्या हातानं घास भरवीन."

तो नवस ऐकून मला फार भरून आले होते. आज सांगते, त्या नवसाची मला भीती वाटायला हवी होती.

दसरा आला. अंबादास नागपूरला गेला होता. चंपाबाई नवे लुगडे नेसून, ताट घेऊन आली. ताटात गूळ-खोबरे, गुलाल, हळदीच्या अक्षता, फोडलेला नारळ. मोतीरामने मला हळद लावली, माळ घातली. मग चंपाबाई थांबली.

"इचं तोंड तं बांधलेलं आहे. बांधल्या तोंडी कोणी जेवते का?"

"अंबादासभाऊनं हात लावाले मना केलं आहे."

"आजच्या दिवस सोडा जी. नवस आहे. देवाले उपाशी ठेवता काय?"

मोतीराम घुटमळला. त्याने दारातून बाहेर पाहिले, जणू अंबादास नागपूरहून पाहत होता. मग त्याने गाठ सोडली, फडके काढले, बूच उपसले. चंपाबाईने गूळ-खोबऱ्याचा चांगला बोटभर घास माझ्या तोंडात आत सारला. वर चिमूट-चिमूट करून गुलाल सोडला, अक्षता टाकल्या, नारळाचे पाणी शिंपडले. तिचे डोळे भरून आले होते. सोळा वर्षांत मला कोणी इतक्या मायेने हात लावला नव्हता. आणि तो घास माझ्या घशातून उतरून थेट दट्ट्याला हवा सोडणाऱ्या झडपेत जाऊन बसला.

मोतीरामने बूच बसवले, फडके गुंडाळले आणि गाठ मारली. दोन वेढे आणि एक उलटा पीळ, अगदी गुरूसारखी.

अंबादास परत आला. त्याने येताच सगळ्या मशिनींवरून नजर फिरवली. माझी गाठ पाहिली. गाठ त्याचीच. मोतीराम चिवडा खाता खाता म्हणाला, "चंपानं नवस फेडला, भाऊ." अंबादास म्हणाला, "अच्छा, चांगलं झालं." त्याला वाटले, नारळ फोडला असेल. त्याने गाठीवर विश्वास ठेवला आणि आत पाहिले नाही. मोतीरामला सांगायचे धाडस झाले नाही, आणि पुढे तो विसरून गेला. माझ्या पोटात मात्र गूळ आंबला, गुलालात आणि तेलात कालवला गेला, मग वाळून कडक झाला. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. हवा दिली तरच मला आवाज आहे.

हिवाळ्यात जबलपूरजवळच्या पनागरला एका भाजीवाल्याच्या मळ्यातली विहीर खोल करायचे काम निघाले. भय्यासाहेबांनी त्या वर्षी नवी मशीन घेतली होती, ती मोतीराम घेऊन गेला. बाकीच्या मशिनी दुसऱ्या कामांवर होत्या, मी एकटीच गोदामात होते. दुपारी दोनच्या सुमारास जीप धडधडत आली. ड्रायव्हर उतरायच्या आधीच ओरडला, "अंबादास भैया, दूसरी मशीन निकालो! मोतीराम दब गया!"

विहिरीच्या तळाशी कडेचा खडक सुटला होता. नवी मशीन त्याच्याखाली चेपली गेली होती आणि मोतीरामचे दोन्ही पाय कमरेपर्यंत अडकले होते. माणूस जिवंत होता, बोलत होता. पण खडक सुटला तिथूनच मोठा झरा फुटला होता. इंजिनाचा पंप पाणी उपसत होता आणि झरा त्याच्या वरचढ होता. खडकात ओळीने भोके पाडून, पाचरी ठोकून तो फोडला तर मोतीराम निघेल. त्यासाठी मी हवी होते.

एरवी अंबादास मला गोदामातून बाहेर पाठवण्याआधी मिनिटभर चालवून पाहायचा. त्या दिवशी चालवायला गोदामात कॉम्प्रेसर नव्हता आणि वेळही नव्हता. त्याने मला उचलले आणि स्वतःच जीपमध्ये बसला. रस्ताभर तो माझ्यावर हात ठेवून होता. एकदा म्हणाला, "चालशील ना, बाई?" मी कशी सांगू?

विहिरीवर पोचेपर्यंत पाणी मोतीरामच्या छातीला लागले होते. अंबादास कधी विहिरीत उतरत नसे. त्या दिवशी दोर धरून माझ्यामागोमाग उतरला. दसऱ्यानंतर पहिल्यांदा त्याने माझी गाठ सोडली, बूच काढले, बोट फिरवून पाहिले. घास खाली झडपेत होता, वर बोटाला काही लागले नाही. त्याने तेल ओतले, नळीतून आधी हवा सोडून ती साफ केली, मला जोडली. वरून कोणीतरी कॉम्प्रेसरचा नळ उघडला.

मी सुरू झाले. चार ठोके दिले, पाच दिले. खडकावर पांढरा टिपका उमटला. मग माझ्या आत कडक झालेला तो गोळा हवेने ढकलून झडपेत घट्ट बसला आणि मी बंद पडले.

"अंबादासभाऊ, गुंतली काय?" मोतीराम म्हणाला.

"नाही, नाही. होऊन राहिली. तू हात धर माहा."

अंबादासने मला हलवले, उलटे केले, हातोडीने ठोकले, पुन्हा हवा घेतली. मी नुसती फुसफुसले. मला उघडायला अर्धा तास लागतो आणि मोठे पाने लागतात, ते गोदामात राहिले होते. दोघातिघांनी छिन्नी-घण घेऊन खडकावर घाव घातले. पाण्यात घण बसेना. दोर बांधून ओढले तर मोतीराम किंचाळला. पाणी खांद्यांपर्यंत आले, मग गळ्यापर्यंत. अंबादासने मला सोडून दिले आणि दोन्ही हातांनी मोतीरामची हनुवटी वर धरली.

"भाऊ, मी तं..." मोतीराम काही सांगू पाहत होता. पाण्याने ते पुरे होऊ दिले नाही.

मी बाजूला खडकावर पडून होते, नळी जोडलेली, तोंडात हवा भरलेली. माझ्या आयुष्यात मला इतके निरुपयोगी कधी वाटले नाही, आणि नंतर तर मी पंचवीस वर्षे भंगारात काढली आहेत.

दुसऱ्या दिवशी मोतीरामला अग्नी दिला. तिथेच कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, सोळा वर्षे चालणारी मशीन अशी अडते कशी? कोणी म्हणे, पूजेच्या दिवशी स्टोअरकीपर पळून जातो, मग मशीन कोपणार नाही तर काय! हे शेवटी चंपाबाईच्या कानावर गेले. ती गोदामाच्या दारात येऊन अंबादासला म्हणाली, "भाऊजी, तुमचा देव येगळा, मले मान्य आहे. पण माहा माणूस तं तुमचा होता ना? त्याच्या मशीनले एक फूल वाहाले काहून नाही थांबले तुम्ही?"



भय्यासाहेब माणूस न्यायी होता. त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले, "कोपबीप मी मानत नाही. उद्या सकाळी दहा वाजता मशीन उघडायची. आतला भाग तुटला असेल तर अंबादासचा दोष नाही. घाण निघाली, तर ठेवणाऱ्याची चूक. मग मात्र नोकरी राहणार नाही."

अंबादास दुसऱ्या दिवशी सात वाजताच आला. त्याला वाटले असावे, आपणच आधी पाहावे. त्याने मला फळीवर घेतले, पाने लावले, डोके उघडले, झडप बाहेर काढली. झडपेत लालभडक लगदा होता. त्यात खोबऱ्याचे तुकडे होते. आणि हळदीने पिवळे झालेले पाच-सहा तांदूळ.

त्याने ते तांदूळ एकेक करून तळहातावर घेतले.

"मोतीराम," तो म्हणाला, "हे सांगाचं होतं रे मले."

मित्रांनो, त्या वेळी त्याच्या हातात काय होते ते समजून घ्या. तो लगदा तसाच फळीवर ठेवला असता तर दहा वाजता सगळे उलटे झाले असते. नोकरी राहिली असती. पूजेला थांबला नाही म्हणून मशीन कोपली, असे म्हणणाऱ्यांची तोंडे कायमची बंद झाली असती. घरी कुसुमबाई आजारी होती, दुसरी नोकरी या वयात मिळणे कठीण होते. आणि खरे सांगायला कोणाची ना नव्हती. पण मग ते चंपाबाईलाही कळले असते. कोणाच्या हातचा घास होता, हे तिला वेगळे सांगावे लागले नसते.

अंबादासने घासलेटचा डबा ओढला. झडप धुतली, दट्ट्या धुतला, माझा घसा धुतला. लाल झालेले फडके चहाच्या शेगडीत घातले आणि ते पुरते जळेपर्यंत तिथून हलला नाही. तांदळाचा एक दाणा फटीत राहिला होता, तो त्याने नखाने काढला. मग दारात साचलेली चक्कीची धूळ चिमटीने उचलली आणि तेलात कालवून झडपेला फासली. सोळा वर्षे जी धूळ माझ्यापासून दूर ठेवली, ती त्याने स्वतःच्या हाताने माझ्यात घातली.

दहा वाजता सगळे जमले. चंपाबाई दाराशी उभी होती. अंबादासने त्यांच्यासमोर मला पुन्हा उघडले.

"काय निघालं?" भय्यासाहेबांनी विचारले.

"धूळ, साहेब. चक्कीची."

"बूच?"

"सैल राहिलं होतं. मी गाठ पाहिली, आत नाही पाहिलं. कसूर माही आहे."

भय्यासाहेबांचा चेहरा पडला. त्यांना हे ऐकायचे नव्हते, पण बोललेला शब्द मागे कसा घेणार? त्यांनी किल्ल्या मागितल्या. अंबादासने कमरेची किल्ल्यांची साखळी सोडून दिली आणि एवढेच म्हणाला, "साहेब, चंपाबाईले गोदामात काही काम द्या. माहं नाव नका सांगू." चंपाबाईने ते ऐकले नाही. ती तेव्हा पदराने तोंड झाकून, माझ्या उघड्या पोटाकडे बघत रडत होती. जाताना अंबादास तिच्या शेजारून गेला. ती त्याच्यापासून दोन पावले बाजूला सरकली.

त्यानंतर मला कोणी कामावर नेले नाही. माणूस खाल्लेली मशीन म्हणून मजूर माझ्या मुठीला हात लावायला तयार नसत. मला कोपऱ्यात टाकले. फळी नाही, फडके नाही, बूचही कुठेतरी हरवले. अंबादास पनागरच्या भाजीबाजारात पोती उचलू लागला, असे ड्रायव्हर एकदा बोलताना मी ऐकले. तिथेही लोक त्याला दाखवून सांगत, हाच तो. तो उलट काही बोलत नसे म्हणे.

चंपाबाईला झाडलोटीचे काम मिळाले. ती वीस वर्षे ते करत होती. सगळ्या मशिनींखालून झाडू फिरवायची, माझा कोपरा आला की हात आवरता घ्यायची. मला तिचा राग येत नाही. माझ्यातल्या एका एका अवयवाला ठाऊक आहे, तिने मला घास दिला तो प्रेमाने दिला होता.

एक दिवस ड्रायव्हर म्हातारा होऊन काठी टेकत गोदामात आला आणि म्हणाला, "अंबादास भैया गुजर गए. कल मिट्टी थी, अर्थी के पीछे बीस लोग भी नहीं थे."

चंपाबाई झाडता झाडता थांबली.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुन्हा झाडू लागली.

मित्रांनो, हवेवर चालणारे हत्यार घरात, शाळेत, कारखान्यात कुठेही ठेवाल, तेव्हा ते पुसून ठेवा, तेल घालून ठेवा, तोंड बंद करून उंच फळीवर ठेवा. पूजा करावीशी वाटली तर जरूर करा, बाहेरून करा. आणि दुसऱ्याने बांधलेली गाठ आपल्यासारखी दिसली तरी ती सोडून एकदा आत पाहा. अंबादास मोठा माणूस होता, पण त्याने तेवढे केले असते तर मोतीराम वाचला असता, हे मी लपवणार नाही.

ही हकिगत मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. तुम्हाला सांगितली, कारण अंबादासला निदान तुम्ही तरी वाईट म्हणू नये. पण चंपाबाई अजून आहे. थकली आहे, चेरीतालला भाचीकडे राहते, दसऱ्याला मोतीरामच्या फोटोला हार घालते. कधी तुमची तिची गाठ पडली आणि ती अंबादासला शिव्या देऊ लागली, तर तुम्हाला राग येईल, खरे सांगून टाकावेसे वाटेल. सांगू नका. ऐकून घ्या, आणि तिला पाणी द्या.